नमुन्याची काठी

मित्रांनो, मला तुमच्यापैकी कुणी ओळखलं नाही तर मला वाईट वाटणार नाही. आता माझी मूठ झिजली आहे, रंग उडाला आहे आणि खालच्या चार रबरी पायांपैकी एक तर दुसऱ्याच कुठल्या काठीचा आहे. पण मी जुनी असले तरी साधीसुधी काठी नाही. एके काळी माझा चेहरा अर्ध्या कोलंबियाने पाहिला होता. काठीला कसला आलाय चेहरा, असं म्हणू नका. ज्याचा व्हिडिओ निघतो त्याला चेहरा येतोच.

माझा स्वभाव मुळातच घाबरट. त्याला इलाज नाही. माणूस आपल्यावर भार टाकतो आणि निर्धास्त होतो. त्याची काळजी मग जाते कुठे? ती काठीकडे येते. रस्ता ओला दिसला की मी आधीच चारही पाय रोवून घेते, मग तो रस्ता कुणी आत्ताच धुतलेला का असेना.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. मी घडीची काठी. चार तुकडे, आतून ताणलेली दोरी, मुठीखाली छोटा दिवा आणि प्रत्येक सांध्यावर लोखंडाची एक कडी. घडी उघडली की कडी 'खट्' करून बसायची आणि मग मी एकसंध व्हायचे. बोटीतून, ट्रकमधून हेलकावे खात मी मेदेयीन शहरातल्या एका गोदामात आले आणि तिथून शेजारच्या बेयो गावात, मारयोरीच्या घरी.

मारयोरी आधी कपडे शिवायच्या कारखान्यात होती. तो बंद पडला. मग तिने फोनवरून वस्तू विकायला सुरुवात केली. ह्या धंद्याला ड्रॉपशिपिंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम सांगते ऐका. माल तिचा नाही, गोदाम तिचं नाही, गाडी तिची नाही. ती फक्त जाहिरात करायची. गिऱ्हाइकाने फोनवर मागणी नोंदवली की ती गोदामातल्या फाबरला कळवायची, फाबर खोकं बांधायचा, कुरियरवाला ते दारात नेऊन द्यायचा आणि गिऱ्हाईक तिथेच पैसे द्यायचं. लग्न जमवणाऱ्या माणसासारखं तिचं काम. ना वर आपला, ना वधू आपली. पण लग्न मोडलं तर शिव्या मात्र आपल्याला.

आणि लग्नं मोडायची हो! आमच्याकडे लोक हौसेने मागवतात आणि कुरियरवाला दारात उभा राहिला की म्हणतात, "नको, मन बदललं." मग ते खोकं जाण्या-येण्याच्या सगळ्या भाड्यासकट मारयोरीच्या डोक्यावर बसायचं. 'परत' ह्या शब्दाची तिला इतकी धास्ती की घरात कुणी तो शब्द उच्चारायचा नाही. दिवसभर तिचं फोनवर हेच चालायचं. "काकू, उद्या पार्सल येतंय. घरी आहात ना? घ्याल ना? नक्की ना, काकू?"

मला तिने नमुना म्हणून मागवलं होतं. नमुना म्हणजे व्हिडिओ काढण्यापुरती एकच वस्तू. तो व्हिडिओ बघून बाकीच्या विकायच्या, त्या परस्पर गोदामातून जायच्या. व्हिडिओत चालायला माणूस हवा होता, तो घरातच होता. तिचे वडील, एवेलियो. आयुष्यभर गवंडीकाम करून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता, पण ऐट तेवढी शाबूत होती.

"पपा, नुसतं चालून दाखवा हं. नाटकं नकोत," मारयोरीने बजावलं.

"नाटकं कसली? मी दूध आणायला जातो तेव्हाही असाच चालतो."

"दूध मी आणते."

"म्हणूनच तुला माहीत नाही."

त्यांनी टोपी चढवली, मला हातात धरलं आणि घरासमोरच्या उतारावरून असे काही आले की समोरच्या खिडकीतल्या बायका हसायला लागल्या. खाली आल्यावर ते थांबले, दुखरा पाय उचलला, सगळं अंग माझ्यावर टाकलं आणि म्हणाले, "बघा! सगळा भार हिच्यावर! पडलो का?"

ते पडले नाहीत. मी दात-ओठ खाऊन त्यांना धरून ठेवलं होतं, पण ते व्हिडिओत कुठे दिसतं?

तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. मारयोरीचा फोन तापायला लागला. गल्लीतले लोक एवेलियोंना चिडवायचे, "काय हिरो, आमच्यासाठी वेळ आहे का?" ते मुद्दाम टोपी सारखी करून म्हणायचे, "माझ्या सेक्रेटरीला विचारा," आणि मला वर उचलून दाखवायचे. मला ते 'पोरी' म्हणत. मित्रांनो, माझे ते दिवस फार सुखाचे होते, हे मी कबूल करते. सकाळी मला धुवून पुसून दाराशी उभं करत, माझ्या दिव्यात नवा सेल घालत.

तरी मला आतून चैन पडत नव्हतं. रोज माझ्या नावाने काठ्या कुठेकुठे जात होत्या. किनाऱ्यावर, डोंगरात, कुणाकुणाच्या आजी-आजोबांकडे. त्या माझ्या बहिणी, असं मी मनाची समजूत घालत होते. पण त्यातली एकही मी पाहिली नव्हती. मारयोरीने पाहिली नव्हती. ज्यांच्या शब्दावर लोक मागवत होते, त्या एवेलियोंनीही पाहिली नव्हती.

मग एके दिवशी एका गिऱ्हाइकाने स्वतःचा व्हिडिओ पाठवला. एक जाडेजुडे गृहस्थ घराच्या उतारावरून काठी टेकत येत होते आणि मध्येच काठी 'कट्ट' करून दुमडली. ते शेजारणीच्या फुलझाडांत जाऊन बसले. त्यांना लागलं नव्हतं. उलट ते हसत म्हणत होते, "ताई, तुमच्या काठीने मला बायकोसमोर शेजारणीच्या बागेत नेऊन बसवलं. आता घरी काय सांगू ते तुम्हीच कळवा."

मारयोरी खो-खो हसली. मग तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. तिचं हसू हळूहळू मावळत गेलं.

त्याच दिवशी ती गोदामात निघाली. एवेलियो मला घेऊन तिच्याबरोबर आले. फाबरने कुरकुर करत एक खोकं फोडलं. आतून माझी बहीण निघाली. तीच मूठ, तोच दिवा, तोच रंग. मारयोरीने सांध्यावर नख घासलं. चंदेरी रंगाची खपली निघाली आणि खाली प्लॅस्टिक दिसलं.

"हे काय आहे, फाबर? हिची कडी लोखंडाची नाही."

"तो पहिला लॉट संपला, ताई. हा नवीन. फोटो तोच चालतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? इथे विकणारं कुणी माल बघायला येतच नाही. तू पहिलीच आलीस." फाबर बिचारा खरंच चकित झाला होता. "आणि सपाटीवर टिकते की ती. उतारावर तिरका भार पडला तरच सटकते. सगळेच काय डोंगरावर राहतात?"

"फाबर," एवेलियो म्हणाले, "आपण राहतो कुठे रे?"

फाबरने दाराबाहेर पाहिलं. चारही बाजूंना डोंगर आणि डोंगरांवर घरंच घरं.

घरी येऊन मारयोरीने जाहिरात काढून टाकली. ज्यांच्याकडे काठ्या पोचल्या होत्या त्यांना फोन करून त्या बाजूला ठेवायला लावल्या, परत न्यायची सोय करते म्हणाली. कुणी समजूतदारपणे ऐकलं, कुणी लाखोली वाहिली, पण ऐकलं सगळ्यांनी. मग राहिल्या वाटेवरच्या काठ्या. त्या कुरियरच्या गाड्यांत होत्या आणि कुरियरवाले म्हणत, खोकं एकदा निघालं की ते थांबवता येत नाही, गिऱ्हाइकानेच दारात नाकारलं तरच ते मागे फिरतं. म्हणजे बघा, जी पोरगी दिवसभर 'घ्या हो, घ्या' म्हणून गयावया करायची, ती आता उलटी गयावया करायला बसली.

"काकू, उद्या काठी येईल ना, ती घेऊ नका. दारातच नको म्हणा."

"नको म्हणू? काल तर नक्की घ्या, नक्की घ्या म्हणून डोकं खाल्लंस!"

"काल मला माहीत नव्हतं, काकू."

"आणि आज काय माहीत झालं? दुसरं कुणी जास्त देतंय वाटतं!"

एक आजोबा तर म्हणाले, "पोरी, माझ्या उभ्या आयुष्यात माझा माल घेऊ नका म्हणणारी दुकानदारीण भेटली नव्हती. इतकी प्रामाणिक असशील तर मी घेणारच!" त्यांची समजूत घालता घालता तिच्या तोंडाला फेस आला. दर वेळी कुणी नाही म्हटलं की मला हायसं वाटायचं आणि लगेच पुढच्याची धडकी भरायची. शेवटी एकेक करून सगळे तयार झाले. एक सोडून.

बेतुलिया गावची एर्सिलिया आजी. तिच्यासाठी काठी तिच्या नातीने, लेइदीने, स्पेनमधून मागवली होती. लेइदी फोनवर रडकुंडीला आली होती.

"मी आजीला सांगून सांगून दमले, ताई. ती ऐकत नाही. म्हणते, त्या बाईने माझी काठी दुसऱ्या कुणाला विकली, म्हणून ही सगळी सोंगं. पैसे रुमालात बांधून सकाळपासून दारात बसली आहे."

"तिच्या घराजवळचा रस्ता कसा आहे?" मारयोरीने विचारलं.

"रस्ता? शिडी म्हणा शिडी. आणि काठी हातात आली की ती थांबणार नाही. मागच्या वर्षी पडल्यापासून ती चर्चला गेलेली नाही. आधी तिकडेच सुटेल. डॉक्टर म्हणाले होते, आता पुन्हा पडली तर उठायची नाही."

मारयोरीने फोन ठेवला. एवेलियो टोपी शोधत होते.

"कुठे निघालात?"

"बेतुलियाला."

"पपा, तुमचा गुडघा बघा! मी एकटी जाते."

"गुडघा माझा आहे आणि त्या व्हिडिओतलं थोबाडही माझंच आहे. ती काय तुला बघून भुलली?"

बसमध्ये मी त्यांच्या दोन पायांमध्ये उभी होते. वळणावळणाला बाहेर दरी दिसायची, कॉफीचे मळे दिसायचे, आणि मला मात्र सगळीकडे एक म्हातारी उतारावर उभी दिसायची. ड्रायव्हरने गाडी थांबवून खायला बुन्युएलो, म्हणजे चीजचे तळलेले गोळे, घेतले तेव्हा तर मला त्याला बदडून काढावंसं वाटलं. शेजारच्या एका बाईने एवेलियोंना ओळखलं. "तुम्ही ते काठीवालेच ना? माझ्या आईसाठी मागवू का हो?"

"नका मागवू," एवेलियो म्हणाले. "आईला हात द्या."

ती बाई रागावून खिडकीबाहेर बघायला लागली.

बेतुलियाच्या चौकात उतरलो आणि पत्ता विचारत त्या गल्लीच्या तोंडाशी आलो. लेइदीने खोटं सांगितलं नव्हतं. दगडी फरशीचा रस्ता सरळ आभाळात गेला होता. वरून कुरियरवाला मोटारसायकल बंद करून, ब्रेकवर हळूहळू उतरत येत होता. मारयोरी धावत त्याला आडवी गेली.

"एर्सिलिया आजींचं पार्सल?"

"आत्ताच दिलं. मला आत बसवून पाणीसुद्धा पाजलं म्हातारीने. काठी बघून लहान पोरासारखी खूश झाली हो."

मित्रांनो, त्यानंतर एवेलियो जे चढले, ते त्या गुडघ्याने चढणं शक्य नव्हतं. त्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता. मी चारही पाय फरशीत रोवत होते. मनात एकच, पोचू दे, देवा, आधी पोचू दे.

ती दाराबाहेर आलेली होती. चर्चला जायची काळी ओढणी डोक्यावर, केस चापूनचोपून बांधलेले, आणि हातात ती. भर दिवसा दिवा लावलेला. एक पाऊल तिने उतारावर टाकलंही होतं. त्या काठीचा सांधा करकरलेला मला खालून ऐकू आला. माणसांना तो आवाज येत नाही, काठ्यांना येतो.

"आजी, थांबा!" मारयोरी ओरडली.

एर्सिलिया आजी थांबली. तिने डोळे बारीक केले आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अगंबाई! तुम्ही? ते फोनमधले?"

एवेलियोंनी टोपी काढली. त्यांना धाप लागल्यामुळे बोलवेना. मारयोरीनेच सगळं सांगितलं. लॉट, कडी, रंग, प्लॅस्टिक. माझा सांधा दाखवला. म्हणाली, "आजी, ही घ्या, ही चांगली आहे. ती आम्हाला द्या. पैसेही परत घ्या."

आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे माझी नवी कोरी तुम्ही नेणार आणि ही घासलेली मला देणार? मी म्हातारी आहे, पोरी. खुळी नाही."

"आजी, तिची कडी—"

"मला कड्याबिड्या कळत नाहीत. मी ह्यांना बघितलं. पाय उचलला, सगळा भार टाकला, पडले नाहीत. माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलं. आता त्यावर तू मला शहाणपण शिकवू नकोस. चर्चला उशीर होतोय."

आणि ती दुसरं पाऊल टाकायला निघाली.

"बाई," एवेलियो म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "एक मिनिट तुमची काठी मला द्या. परत देतो, शपथ. तोवर ही माझी तुमच्याकडे ठेवा."

तिला ते पटलं. तिने नवी दिली, मला घेतलं. एवेलियो जरा खाली सरकले, उतारावर नीट तोंड करून उभे राहिले. मारयोरीच्या लक्षात आलं. "पपा, नाही! पपा!"

"ती मला उभा राहिलेला बघून फसली, मारयोरी. दुसरं काही सांगून तिला कसं पटेल?"

त्यांनी दुखरा पाय उचलला. "बघा, बाई. सगळा भार हिच्यावर."

कट्ट.

ते त्याच गुडघ्यावर पडले. दगडावर हाड आपटल्याचा आवाज आला आणि टोपी घरंगळत खाली गेली. मित्रांनो, त्यांना धरण्यासाठीच मी होते आणि मी दुसऱ्याच्या हातात होते. ह्याहून वाईट क्षण माझ्या आयुष्यात आला नाही.

"अरे देवा, देवा!" एर्सिलिया आजी किंचाळली आणि सगळं विसरून त्यांच्याकडे निघाली. त्या उतारावर तिने माझ्यावर अंग टाकलं. माझा एकही सांधा हलला नाही. ती एवेलियोंजवळ फरशीवर बसली, डोक्यावरची ओढणी काढून तिने त्यांच्या गुडघ्याला बांधली.

"वेडे आहात का हो तुम्ही?"

"तुम्ही ऐकतच नव्हता."

"म्हणून असं पडायचं? ह्या वयात?"

"ह्या वयातच पडतात, बाई," एवेलियो कळवळत हसले.

मारयोरी रस्त्यातच रडायला लागली. शेजारून कुणी गुळाचं गरम पाणी आणलं, कुणी खुर्ची आणली. आजीने मारयोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती दुमडलेली काठी बाजूला सारली. मग तिने मला उचललं आणि एवेलियोंच्या पुढे धरलं.

"ही घ्या तुमची. तुम्हालाच जास्त गरज आहे आता. मी चर्चला नाही गेले तरी देव काही रुसत नाही."

एवेलियोंनी माझ्या मुठीवर हात ठेवला. मला वाटलं, घेणार. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

"नको, बाई," ते म्हणाले. "मला लेकीचा खांदा आहे. तुमचा खांदा स्पेनमध्ये आहे."

आजीने मला छातीशी धरलं आणि डोळे पुसले.

ते निघाले तेव्हा मी आजीच्या हातात दारात उभी होते. एक हात मारयोरीच्या खांद्यावर टाकून ते आडवे आडवे उतरत होते. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्यांना पाऊल बघूनच टाकावं लागत होतं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आजी रोज मला घेऊन चर्चला जाते. सुरुवातीला मला पुसून ठेवायची, हल्ली कधी कधी कोंबड्या हाकलायलाही वापरते. चालायचंच. मारयोरी अधूनमधून फोन करते. ती अजून विकतेच, पण प्रत्येक नवा लॉट आला की गोदामात जाऊन खोकं फोडते आणि स्वतः भार टाकून बघते. फाबर म्हणतो, ताई, तुझ्यापायी माझी सगळी खोकी फुटतात. एवेलियोंकडे आता पेरूच्या लाकडाची काठी आहे म्हणे. चांगली असेल. मला तिचा थोडा हेवा वाटतो.

मित्रांनो, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी काही मागवलंत, तर व्हिडिओ बघून निर्धास्त होऊ नका. आधी तुम्ही स्वतः त्या वस्तूवर आपला भार टाका. आणि वस्तू पाठवून दिली म्हणजे आपण सुटलो, असंही मानू नका. मी चांगली काठी आहे, हे मी आता न घाबरता सांगते. पण मला आजीशी दोन शब्द बोलता येत नाहीत.

यंदा डिसेंबरात लेइदी घरी येणार आहे. आजीने आत्तापासून घर सारवल्यासारखं लख्ख करायला घेतलंय. त्या दिवशी मला कोपऱ्यात उभं करून ती नातीच्या खांद्यावर हात टाकून चर्चला गेली, तर मी मुळीच रुसणार नाही.